सात फुल्या

माझ्या नावावर फुली बसली त्या दिवशी कँटीनचं जेवण बरं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं, अशा दिवशी माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. उतरतो. मी भाजी दोनदा मागून घेतली.

यादी कँटीनच्याच दाराला चिकटवली होती. थिएटरच्या एकेचाळीस माणसांची नावं, आणि ज्यांची यापुढे गरज नाही त्यांच्या नावावर निळ्या पेनाने फुली. तीन नावं सुटली होती, तीही तिकीट खिडकीवरच्या बायकांची, कारण तिकीट कशाचंही फाडता येतं. बाकी आम्ही दोर ओढणारे, दिवे सांभाळणारे, कपडे शिवणारे, नाचणारे, सगळे फुलीचे मानकरी. गरज सरो, वैद्य मरो. माझी नोकरी सव्वीस वर्षांची आणि माझ्या खालच्याच ओळीत असलेल्या माझ्या जावयाची सात वर्षांची, पण फुली दोघांनाही एकाच मापाची होती.

जावई अस्वल होता. म्हणजे आमच्या खेळात तो अस्वलाच्या पोशाखात नाचायचा. आमचं थिएटर एका मोठ्या करमणूक बागेत होतं. बाहेर झुले आणि पाण्याच्या घसरगुंड्या, मागे चारशे खोल्यांचं हॉटेल, आणि मधोमध नऊशे खुर्च्यांचं आमचं थिएटर, दिवसाला तीन खेळ. खरं सांगायचं तर निम्मे लोक खेळ बघायला नाही, गार हवेत पाय पसरायला यायचे. पण अस्वल आलं की पोरं किंचाळायची आणि घोरणारे बाप जागे व्हायचे. त्या जाड पोशाखात शिजून निघालेला हा मुलगा खेळ संपला की घामाने निथळत बाहेर यायचा आणि मी ओरडायचो, "अरे अस्वला, पाणी पी!" मग माझ्या मुलीने त्याच्याशी लग्न केलं आणि मला "अहो अस्वलराव, पाणी प्या" म्हणावं लागलं. तो मला मामा म्हणायचा. बागेतले सगळेच मामा म्हणायचे, त्यामुळे जावयाच्या तोंडून त्याचं वेगळं असं कौतुक नव्हतं.

यादी वाचून आम्ही दोघं ताटं घेऊन बसलो. दोघांच्याही मनात क्वार्टरच होतं. हॉटेलच्या लाँड्रीमागे कामगारांसाठी दोन-दोन खोल्यांची घरं आहेत, त्यातलं एक आमचं. माझी बायको त्याच घरात आली आणि त्याच घरात गेली. नियम असा, की घरातलं एक तरी माणूस कायम यादीत पाहिजे. मी गेलो, जावई गेला. मुलगी लाँड्रीत होती, पण रोजंदारीवर, आणि रोजंदारीवरच्या माणसाला बागेच्या हिशेबी घर लागत नाही. तीन महिन्यांत खोल्या सोडा, असं यादीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

थिएटर तसं वर्षभर बंदच होतं. आधी म्हणाले, दुरुस्ती. मग किल्ली हॉटेलवाल्यांनी नेली आणि स्टेजवर जुन्या गाद्या रचल्या. आम्हाला इकडे तिकडे जुंपलं, मला गाड्या लावायच्या आवारात आणि जावयाला कठडे रंगवायला. शेवटी ठरलं की थिएटरचं बर्फघर करायचं. स्टेजवर उतार, उतारावर बनवलेला बर्फ, आणि भर उन्हाळ्यात पोरांनी जाड कोट घालून त्यावरून घसरायचं. आयुष्यभर मी त्या स्टेजवर कागदाचा बर्फ पाडला, तो लोकांना पुरेना झाला होता.

या कामावर ज्या मॅडम नेमल्या होत्या त्यांनी मला बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. बसा म्हणाल्या, चहा मागवला. "मामा, तुमच्याइतकं त्या इमारतीचं कुणालाच माहीत नाही. चार दिवसांत ती ठेकेदाराच्या ताब्यात द्यायची आहे. काय कुठे आहे ते एका कागदावर लिहून द्या."

मी जावयाचा विषय काढला. हात जोडले नाहीत, पण जोडल्यासारखंच बोललो.

त्या थोडा वेळ पेन्सिलीशी खेळल्या. मग म्हणाल्या, "बर्फघराला चार कायम माणसं लागणार आहेत. आत्ता त्यांना तोडकामाच्या टोळीत घालते. मुकादमाने चांगलं सांगितलं, तर चारांतलं एक नाव त्यांचं. क्वार्टरही राहील."

म्हणजे आमचं घर आता मुकादमाच्या जिभेवर होतं. जावयाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, सात वर्षं मी आत घुसमटून बाहेर हसरं तोंड दाखवलंय. मुकादमाला काय, दोन महिने दाखवीन." आणि माझी मुलगी कितीतरी दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी मी थिएटरात गेलो. गाद्या गेल्या होत्या, पण त्यांचा कुबट वास होता. खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर, लाकडी कठड्यांवर कुणीतरी लाल रंगाने फुल्या मारून ठेवल्या होत्या. मला वाटलं, मोजणी केली असेल. इतक्या चांगल्या लाकडावर रंग फासणाऱ्याला मनातल्या मनात एक शिवी दिली आणि मी माझ्या कोपऱ्यात गेलो.

माझा कोपरा म्हणजे स्टेजच्या डाव्या हाताची भिंत. तिथे ओळीने तीस दोर, आणि प्रत्येक दोराला धरून ठेवणारा एक लोखंडी दांडा. हे नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. स्टेजवरचा एक पडदा दीडदोनशे किलोचा. तो एकट्या माणसाने ओढायचा, तर दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन पाहिजे. तराजूच म्हणा. एका पारड्यात पडदा, दुसऱ्या पारड्यात लोखंडी विटा. विटा ज्यात रचतात त्याला आम्ही पाळणा म्हणतो. पडदा खाली आला की पाळणा भिंतीलगत पार वर जातो, पाच मजले वर. दोन्हीकडे वजन सारखं असेल तर पोरगंही तो दोर ओढील. पण पडदा काढायचा असेल, तर आधी वरच्या माळ्यावर जाऊन विटा काढायच्या, मग खाली पडदा सोडायचा. आधी विटा, मग पडदा. हे उलटं केलं तर पाळणा वर लटकत राहतो आणि त्याला धरायला एक दांडा सोडून काहीच नसतं. तो दांडा दोर थोपवायला असतो, दोनशे किलो पेलायला नव्हे.

मी वर पाहिलं. सात पडदे नव्हते. वर्षभरात हॉटेलच्या कुणीतरी येऊन, मखमल चांगली आहे म्हणून, सात पडदे कात्रीने कापून नेले होते. पडदे टांगायचे आडवे नळ रिकामे, आणि त्यांचे साती पाळणे विटांसकट वर, अंधारात.

विटा काढायला दोन माणसं लागतात. एक वर माळ्यावर, एक खाली दोर बांधून धरून. एकट्याने वर जायचं नाही, हा माझ्याही आधीच्या उस्तादाचा नियम. मी मॅडमकडे गेलो. त्यांनी मान हलवली. "मामा, ठरल्याआधीच इमारत कागदोपत्री ठेकेदाराकडे गेलीय. बागेचा माणूस मला आत पाठवता येत नाही. त्यांच्याकडून घ्या."

मग मुकादमाकडे गेलो. जाडजूड, बोलका गडी. त्याची टोळी पायरीवर बसून चहा पीत होती आणि जावईही त्यांच्यात होता. मी म्हणालो, "मला एक माणूस द्या, दोन दिवस. वरचं वजन उतरवायचंय."

"मामा," मुकादम म्हणाला, "आम्ही तोडायला आलोय, मांडायला नाही. वजन काय, सगळंच उतरवणार आहोत. तुम्ही घरी जाऊन आराम करा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!"

टोळी हसली. जावईही हसला. आता कळतं, की त्याला हसणं भाग होतं, त्या हसण्यावर आमच्या दोन खोल्या उभ्या होत्या. तेव्हा मात्र मला ते इंगळी डसावी तसं लागलं. माझा राग आधीच नाकावर. बायको म्हणायची, तुमच्या रागाला पाय असते तर तो तुमच्या आधी घरी पोचला असता.

मी आणखी दोन शब्द बोलायला हवे होते. वजन कसलं, का उतरवायचं, नाहीतर काय होईल. नाही बोललो. तसाच माझ्या कोपऱ्यात गेलो, खिशातला लाल खडू काढला आणि सात दांड्यांवर सात फुल्या केल्या, ठसठशीत. वरून दांड्यांना सुतळी बांधली. आमच्या कामात फुली म्हणजे हात लावू नको. वर वजन आहे. ही फुली मी पहिल्या दिवशी शिकलो, इथे काम केलेला प्रत्येक दोरवाला पहिल्या दिवशी शिकला, आणि सव्वीस वर्षांत फुलीच्या दांड्याला कुणी बोट लावलेलं मी पाहिलं नाही.

मॅडमना द्यायच्या कागदावर मी लिहिलं, "क्रमांक चार, पाच, नऊ, अकरा, बारा, वीस आणि सव्वीस या दांड्यांवर फुली केली आहे." का केली ते लिहिलं नाही. मिठाच्या पुडीवर 'खारट आहे' असं कुणी लिहितं का?

त्या संध्याकाळी मुलगी दुसऱ्या पाळीला होती. जावई अंगभर धूळ घेऊन आला, हातपाय धुतले आणि ओट्याला टेकून उभा राहिला. मी भाकरी वाढत होतो. माझ्या तोंडावरचा नूर त्याने ओळखला असावा.

"मामा, मघाचं मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "त्याच्यासमोर हसावं लागतं."

"हसा की. दात तुमचे, ओठ तुमचे."

त्याने पंच्याला हात पुसले. मग म्हणाला, "तिकडे दोरांच्या दांड्यांवर लाल खडूच्या फुल्या आहेत, त्या तुमच्या का?"

आता नीट ऐका. त्याला माझ्या कोपऱ्यातलं काहीच माहीत नव्हतं. नाचणाऱ्यांना त्या कोपऱ्यात पाऊल टाकायला बंदी होती, आणि ती बंदी मीच घातली होती. सात वर्षं तो त्या भिंतीपासून वीस पावलांवर होता, पण अस्वलाच्या डोक्यात. त्या डोक्याला दोन भोकं होती, त्यातून समोरचा दिवा सोडून काही दिसायचं नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "सात वर्षं थिएटरात राहून फुली कळत नसेल, तर ते अस्वलाचं डोकंच बरं होतं म्हणायचं. निदान त्यात भुसा तरी होता."

तो हसला नाही. "तसं नाही मामा, मुकादम म्हणत होता..."

"मग त्यालाच विचारा. तोच तुमचा मामा आता."

तो जेवला. ताट स्वतः घासलं आणि लवकर झोपला. मुलगी आली तेव्हा तो झोपेत होता, आणि सकाळी तो निघाला तेव्हा ती झोपेत होती. मी त्याला जाताना पाहिलं, पण पेपरातून डोकं वर काढलं नाही.

साडेनऊच्या सुमाराला मी मॅडमनी दिलेल्या किल्ल्या परत करायला निघालो होतो. थिएटरच्या मागच्या गल्लीत असतानाच आवाज आला. सव्वीस वर्षांत तो आवाज मी एकदाही ऐकला नव्हता, तरी ऐकताक्षणी ओळखला. आधी दोर सुटल्याची लांब शीळ, मग जमिनीतून आलेला दणका, आणि मग लोखंडी विटा फरशीवर नाचत गेल्याचा खणखणाट. तो बराच वेळ चालला. मग एकदम सगळं बंद.

मी धावलो. म्हाताऱ्या माणसाचं धावणं ते काय. आत धूळ होती आणि टोळी भिंतीला चिकटून उभी होती. नऊ नंबरचा पाळणा खाली होता. जावई त्याच्याखाली नव्हता, बाजूला होता. पाळण्याने नाही, उसळलेल्या विटांनी मारला होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तोंडाला काही झालं नव्हतं. उजव्या हातातल्या पांढऱ्या मोज्यावर लाल खडू लागला होता, आणि सुतळीचा एक तुकडा बोटात अडकला होता.

मुकादम जमिनीवर बसला होता. त्याचं सगळं बोलकेपण गेलं होतं. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "फुली होती ना मामा. फुली होती म्हणून तर."

"म्हणून तर काय?" मी ओरडलो. "फुली होती म्हणून तर हात लावायचा नव्हता!"

त्याने खुर्च्यांकडे हात केला. "आमच्यात फुली म्हणजे काढून टाका. हे बघा, खुर्च्या, दारं, सगळीकडे आमच्याच फुल्या आहेत. सकाळी मीच म्हणालो, फुलीवालं आधी घ्या. तो म्हणाला, दांड्यावरच्या फुल्या मामांच्या असतील, विचारून येऊ का? मी म्हटलं, काल विचारलं नाहीस का? तर म्हणाला, विचारलं. मी म्हटलं, मग? तर मोजे घातले आणि गेला."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. माझ्याकडे शब्द होता. तीन शब्द होते, 'हात लावू नका'. ते खर्च करायला माझ्या जिवावर आलं, आणि त्याऐवजी मी त्याला भुसा म्हणालो. माणूस मरताना शेवटचं काय आठवत असेल ते मला माहीत नाही. पण दांडा उचलताना त्याच्या मनात पुन्हा विचारायला जावं असं आलं असणार, आणि माझं तोंड आठवून तो गेला नसणार, हे मला माहीत आहे.

पाचव्या दिवशी मॅडमनी बोलावलं. मुलगी माझ्याबरोबर आली. ती रडत नव्हती, चेहरा इस्त्री केल्यासारखा झाला होता. मॅडमचेही डोळे सुजलेले होते, आणि ते नाटक नव्हतं. त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

पहिला कागद मुलीच्या नावाचा होता. बर्फघरात कायम नोकरी, आणि क्वार्टर तिच्या नावावर.

दुसरा माझ्यासाठी होता. "उद्या तपासनीस येणार आहेत," मॅडम म्हणाल्या. "त्यांना तुमचा जबाब लागेल. मी लिहून ठेवलाय. तुम्ही बघून घ्या."

मी वाचला. फुल्या मी केल्या, हे खरं होतं. थिएटरात फुलीचा अर्थ 'हात लावू नये' असा आहे, हेही खरं. मयत इसम सात वर्षं याच थिएटरात नोकरीस होता आणि त्याला या खुणेचा अर्थ पूर्णपणे माहीत होता. तरीही त्याने स्वतःच्या निष्काळजीपणाने दांडा उचलला.

मी तिथे थांबलो. मॅडम हळूच म्हणाल्या, "सात वर्षं थिएटरात होते, मामा. त्यांना माहीत असणारच ना?"

माझंच वाक्य. ते माझ्या तोंडातून निघून, घरातून या खोलीत येऊन, टाइप होऊन माझ्यासमोर पडलं होतं. आणि त्या कागदात सगळ्यांची सोय होती. मी माणूस मागितला आणि त्यांनी दिला नाही, हे त्यात नव्हतं. पडदे कुणी कापले, हे नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने मला विचारलं होतं, हेही नव्हतं. बागेची सोय, मुकादमाची सोय, आणि सगळ्यात मोठी सोय माझी.

मुलीने कागद माझ्या हातातून घेतला आणि सावकाश वाचला. एका ओळीवर बोट ठेवून तिने विचारलं, "बाबा, त्याला माहीत होतं?"

मी नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग तुम्ही का नाही सांगितलंत? शेजारच्या कागदावर तिचं नाव होतं, घराचा नंबर होता. मी स्वतःला सांगितलं, की मी हे घरासाठी करतोय. थोडं खरंही होतं ते. पण खरं कारण असं, की मला माझ्या मुलीच्या डोळ्यांची भीती वाटली.

"हो," मी म्हणालो.

तिने कागद खाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं.

मॅडमनी पेन पुढे केलं. "तीन ठिकाणी आहे. पेन्सिलीने फुली केलीय बघा, तिथे सही करा."

खरंच, प्रत्येक पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात एक बारीकशी, नीटनेटकी फुली होती. सव्वीस वर्षं मी लोकांना दटावत आलो, फुली दिसली की हात मागे घ्यायचा. मी पेन उचललं आणि फुलीवर सही केली. पान उलटलं, पुन्हा केली. तिसऱ्या पानावर कागद सरकला, तर मॅडमनी तो धरून ठेवला.

बर्फघर चालू होऊन आता आठ महिने झाले. गर्दी चांगली असते. आत शिरल्यावर डाव्या हाताला मुलगी उभी असते, पोरांना कोट आणि हातमोजे देते. भिंतीला पांढरा रंग दिलाय, पण दोरांचे दांडे जिथे होते तिथले तीस खड्डे रंगाखालून दिसतात. मी आत एकदाच गेलो होतो. तिला विचारलं, इथेच का उभं करतात तुला? म्हणाली, जागा कशी का असेना, पायाखाली गरम पट्टी आहे.

घरी ती बोलते, पण तिचं बोलणं फिरून तिथेच येतं. भांडी घासता घासता, कपड्यांच्या घड्या घालता घालता मध्येच म्हणते, "माहीत असून हात का लावला हो त्याने? माझा जरासुद्धा विचार नाही आला?" पहिल्यांदा ती हे रडून म्हणायची. आता चिडून म्हणते. मेलेल्या माणसावर चिडण्याची मोठी पंचाईत असते, तो माफी मागत नाही. मी कधी म्हणतो, घाईत असेल. कधी म्हणतो, मुकादमाने रेटलं असेल. गेल्या महिन्यात तिने त्याचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. म्हणाली, बघवत नाही, निष्काळजी माणसाचं हसरं तोंड.

त्या दिवशी मी ठरवलं, सांगून टाकायचं. घर जाईल तर जाईल, ती मला टाकेल तर टाकेल, पण त्याचा फोटो तरी भिंतीवर राहील. संध्याकाळी ती कामावरून आली, पाय पोटाशी घेऊन बसली. मी तिच्यासमोर बसलो.

"ऐक," मी म्हणालो. "आदल्या संध्याकाळी तू पाळीला होतीस ना, तेव्हा त्याने मला एक विचारलं होतं."

तिने झटकन वर पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत जीव आल्यासारखा वाटला. "काय? काय विचारलं?"

माझ्या तोंडात शब्द तयार होते.

"काही नाही," मी म्हणालो. "पाणी देऊ का, म्हणून विचारलं."

 मग तिने पदराने डोळे पुसले, उठली, आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्याशी तरी बोलून गेला," ती म्हणाली. "तेवढं तरी तुमच्या वाट्याला आलं, बाबा."